कोडीवर चॅनल लागतात, पण गाइड कोरा का राहतो?

तुम्ही लिहिलंय की रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर (पुढं नुसतं 'पाय' म्हणतो) लिब्रेइलेक, म्हणजे टीव्हीवर चॅनल-व्हिडिओ दाखवणारं कोडी हे सॉफ्टवेअर चालवणारी सिस्टिम, टाकलं, फ्री डिशच्या छत्रीची वायर यूएसबी ट्यूनरला जोडली, ट्यूनरकडून चॅनल घेऊन कोडीला देणाऱ्या टीव्हीहेडएन्ड या सॉफ्टवेअरला चॅनल सापडले आणि कोडीत चित्रही येतंय. फक्त गाइड, म्हणजे कार्यक्रमांचं वेळापत्रक, उघडला की सगळ्या चॅनलपुढं रिकाम्या पट्ट्या. आणि आई रोज विचारते, "सह्याद्रीवर पुढं काय लागणार, ते कुठं दिसतं?"

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत हाच खेळ खेळून बसलोय. फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे आपल्याकडून छत्रीचं तोंड आग्नेयेला. मी गच्चीवर पाना घेऊन, धाकटी बहीण खाली टीव्हीपुढं. "आलं का?" "आलं... आलं... गेलं!" तासभर हेच चाललं, शेजारच्या काकूंनी खिडकीतून दिशा सांगितली ती वेगळीच. चित्र आलं तेव्हा वाटलं, जिंकलो. पुढं गाइडनं आठवडा खाल्ला.

चॅनल लावला की चित्र लगेच येतं, कार्यक्रमांची माहिती मात्र आधी गोळा करून ठेवावी लागते. ती सिग्नलबरोबरच येते, तिला ईआयटी म्हणतात. टीव्हीहेडएन्ड ती ठरलेल्या वेळी ट्यूनर मोकळा बघून गोळा करतो, आणि मूळ सेटिंगमध्ये या वेळा आहेत रात्री २:०४ आणि दुपारी २:०४. आता आमच्या घरची गंमत बघा. आबा झोपताना टीव्हीच्या बोर्डाचं मेन बटण बंद करणार म्हणजे करणारच. पाय त्याच बोर्डावर, त्यामुळं रात्री २:०४ ला तो मेलेला. दुपारी २:०४ ला आबा जेवून टीव्हीपुढं आडवे, एकुलता एक ट्यूनर त्यांच्या ताब्यात. गाइड भरणार कधी? चार दिवस मी सेटिंग उलटीपालटी करत होतो आणि दोष बटणाचा निघाला. शेवटी पाय राऊटरच्या बोर्डावर हलवला, वेळ पहाटे ५ ची केली आणि 'सुरू होताच माहिती गोळा कर' अशी जी खूण आहे तीही लावली. आबांना काही सांगायच्या फंदात पडलो नाही.

एवढं करूनही काही चॅनल कोरेच राहतील. आमच्याकडे काहींचं फक्त 'आत्ता' आणि 'यानंतर' एवढंच येतं, काहींचं तेवढंही नाही. त्यांच्यासाठी एक्सएमएलटीव्ही फाइल, म्हणजे नेटवरून उतरवलेली कार्यक्रमांच्या वेळांची यादी, लागते. टीव्हीहेडएन्डच्या ईपीजी ग्रॅबरमध्ये (ईपीजी म्हणजे हाच गाइड) ती सोय सुरू करा, मग प्रत्येक चॅनलपुढं ईपीजी सोर्स हाताने निवडा. आपोआप जुळतील या भरवशावर राहू नका. फाइलमध्ये 'डीडी सह्याद्री' आणि तुमच्याकडे नुसतं 'सह्याद्री' असेल तर जोडी जुळत नाही. शंभर चॅनल जुळवायचा सोस नको. घरात खरोखर बघतात ते दहा-बारा घ्या, बाकीचे यादीतून काढा. आईलासुद्धा तेच बरं पडेल.

गाइड भरल्यावर माझ्याकडे नवीनच भानगड. संध्याकाळी ७ च्या बातम्या गाइडमध्ये रात्री १२:३० ला! आबा म्हणाले, "एवढ्या रात्री कोण बघतंय रे बातम्या?" सगळंच साडेपाच तास पुढं सरकलेलं. साडेपाच हा आकडा दिसला की समजायचं, भानगड टाइम झोनची. फाइल उघडली तर वेळा भारतातल्या, पण प्रत्येक वेळेपुढं +००००, म्हणजे ग्रीनिचची वेळ, असं लिहिलेलं. तिथं +०५३० पाहिजे. फाइल उतरली की तेवढं बदलून टाकणारी एका ओळीची सेड कमांड लिहिली, मिटलं. तुम्ही पुढंमागं टीव्हीहेडएन्डऐवजी आयपीटीव्ही सिंपल क्लायंट हे इंटरनेटवरचे चॅनल दाखवणारं कोडीचं ॲड-ऑन वापरलात तर तिथं वेळ पुढंमागं सरकवायचं सेटिंगच आहे. काहीही बदललं की कोडीच्या पीव्हीआर (टीव्ही चॅनलच्या) सेटिंगमध्ये गाइडचा जुना डेटा पुसा, नाहीतर तो जुनंच दाखवत राहतो आणि आपण उगाच डोकं धरून बसतो.

आणखी एक, पावसाळ्यात हमखास होणारं. लाइट जाऊन आली की पाय राऊटरच्या आधी उठतो. पाय ४ पर्यंतच्या मॉडेलांत बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही, वेळ इंटरनेटवरून घेतली जाते. नेट यायच्या आत कोडी सुरू झालं तर ते जुन्याच तारखेत असतं आणि भरलेला गाइडही रिकामा दिसतो. लिब्रेइलेकच्या सेटिंगमध्ये नेटवर्कची वाट बघून मगच कोडी सुरू करायची सोय आहे. मी ३० सेकंद ठेवलेत.

फुकटात सगळे पैशाचे चॅनल देणाऱ्या याद्या लोक पाठवतील. त्या नादाला लागू नका. चोरीचा माल तो, आणि ऐन मॅचच्या वेळी बंद पडतो.

आईच्या हातात वेगळा रिमोट द्यायची गरज नाही. टीव्हीत एचडीएमआय-सीईसी सुरू केलं की टीव्हीच्याच रिमोटवर कोडी चालतं. कोडी सुरू होताच शेवटचा चॅनल लागेल असंही ठेवता येतं. एवढं जमलं की बघा, आणि गाइड तरीही कोराच राहिला तर टीव्हीहेडएन्डच्या लॉगमधल्या (काय काय घडलं त्याच्या नोंदींमधल्या) शेवटच्या दहा-बारा ओळी इथं टाका.