मायक्रोवेव्ह दोन घे, टेबल एकच ठेव

प्रिय बेटा,

नागपुरात मिहानमधल्या तुझ्या ऑफिसातलं डब्यांचं भांडण तू चांगलं लांबलचक लिहून पाठवलंस. त्यात कोण काय खातं याचा सगळा तपशील आहे, पण कोण कुठे बसून खातं हे एका ओळीत उरकलंस. मला काळजी त्याच ओळीची आहे. पॅन्ट्रीत मांसाहारी डबे नकोत म्हणून काही जणांनी सह्या केल्या, तुझ्या साहेबांनी तशी सूचना काढायला सांगितली आणि तू, सोमवार-शनिवार पाळणाऱ्या घरातली म्हणून, 'माझ्याकडून पक्षपात तर होऊन नाही राहिला ना?' या विचाराने झोप घालवून बसलीस. तू काय खातेस याचा इथे काडीचा संबंध नाही. तो विषय आधी डोक्यातून काढ.

भांडी वेगळी कर. टेबल वेगळं करू नको. एवढंच सांगायचं आहे, आणि तुला कंटाळा येईस्तोवर सांगणार आहे.

भांड्यांच्या बाबतीत कंजुषी नको. तुमच्या टीममधल्या जैन मुलीला रश्श्याचे शिंतोडे उडालेल्या मायक्रोवेव्हमध्ये खिचडी गरम करायला लावणं म्हणजे तिला उपाशी ठेवणंच. तो तिचा नखरा नाही. दोन मायक्रोवेव्ह घ्या, दोन्हींवर ठळक चिठ्ठी लावा, आत झाकणं ठेवा. फ्रिजचे कप्पे वाटून द्या, वरचा शाकाहारी, म्हणजे वरून काही सांडायची भीती नाही. घासण्या वेगळ्या. वाढदिवसाला खाऊ आणताना पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून निर्धास्त होऊ नको. तो शाकाहारी एवढंच सांगतो, कांदा, लसूण, बटाट्याचं काही सांगत नाही. सावजीचं जेवण मागवाल तेव्हा एकाच ठिकाणाहून मटण आणि पाटोडी घेतली की सगळ्यांची सोय झाली, असंही नाही. दोन्ही रस्से एकाच डावाने ढवळतात का, हे फोन करून विचार. विचारायला लाज कसली?

आता वासाचं. तक्रारीत नाव घेतलेला मुलगा भंडाऱ्याकडचा आहे म्हणतेस. मामा तलावांचा, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावांचा मुलूख तो. त्याच्या घरी वांग्यात झिंगे पडणं म्हणजे आपल्याकडे वरणात चिंच-गूळ पडण्याइतकं साधं. सुकवलेले झिंगे गरम केले की दरवळतात, हे खरं आहे, खोटं कशाला बोलायचं? पण लसणाची फोडणी दरवळत नाही? उकडलेली कोबी? नियम करायचाच असेल तर वासाचा कर आणि तो सगळ्यांना लाव: झाकण ठेवूनच गरम करायचं, नंतर पुसून घ्यायचं. पॅन्ट्रीत एक्झॉस्ट फॅन नाही, हे तूच लिहिलंस. मग फॅन लावायचा सोडून मुलाला काहून हाकलता?

तुझे साहेब म्हणतात, बहुसंख्य शाकाहारी आहेत. आकड्यांच्या वाटेला जाऊच नको. 2014 च्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीत देशातले 15 वर्षांवरचे सुमारे 71 टक्के लोक मांसाहारी निघाले होते. म्हणून उद्या कुणी त्या जैन मुलीला पॅन्ट्रीबाहेर बसवलं तर चालेल का? डोकी मोजून ताट ठरत नसतं.

मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पर्सोनेलला होतो, हे तुला माहीत आहे. तेव्हा कारखाने अधिनियम, 1948 होता: 250 हून जास्त कामगार असले की कॅन्टीन आणि त्याच्या कारभारात कामगारांचे प्रतिनिधी. आमच्याकडे समिती होती, फक्त तिला न विचारता एका रविवारी मधोमध पत्र्याचं पार्टिशन उभं राहिलं. अलीकडे शाकाहारी, पलीकडे बाकीचे. मी लेखी विरोध केला. 'सोयीसाठी आहे हो, एवढं काय मनावर घेता,' असं उत्तर आलं. सोय कशी झाली ते ऐक. आमच्याकडे शिफ्टची अदलाबदल जेवताना व्हायची. मुलीला दवाखान्यात न्यायचंय, उद्याची माझी पाळी तू कर, असं. ती पत्र्याच्या आरपार होईना. आणि एक फिटर, उत्तम कारागीर, पलीकडच्या बाजूलाही बसेना. तो सायकल स्टँडमागे जाऊन डबा खायचा. मी त्याला दोनदा बोलावलं. "साहेब, तिकडे बसलो का सगळ्याइले समजते मी कोन," असं म्हणाला आणि पुढे निवृत्त होईपर्यंत आत आला नाही. ती रुखरुख माझ्या मनातून जात नाही. मी कागद लिहीत राहिलो, शेवटी माझी बदली स्टोअरला झाली. आडमुठा म्हणतात मला. म्हणोत. पार्टिशन चुकीचंच होतं, आणि आज विचारलं तरी मी तोच अर्ज त्याच शब्दांत लिहीन.

14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर लाखो माणसं कशाला जमली होती, हे नागपूरच्या पोरीला सांगावं लागू नये. या शहरात 'फक्त जेवणाचा प्रश्न आहे' म्हणून माणसं वेगळी बसवता येत नाहीत. 'तुमच्यात चालतं का?' हे आपण किती सहज विचारतो! विचारणाऱ्याला जेवणाचंच उत्तर हवं असतं असं नाही, आणि ऐकणाऱ्याला ते बरोबर कळतं. म्हणून जेवणाबद्दल विचारायला फॉर्म काढशील, तर त्यावर 'व्हेज की नॉनव्हेज' असा रकाना नको. 'काय चालत नाही?' एवढंच विचार. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेला, शुगर असलेला, रोजे धरलेला, एकादशीवाला, सगळे त्या एका रकान्यात बसतात.

सूचना काढायच्या आधी सह्या करणाऱ्यांना एकेकटं भेट. घोळक्यात माणसं तत्त्वाचं बोलतात, एकेकटी सोयीचं. निम्म्यांना फक्त स्वच्छ मायक्रोवेव्ह हवा असेल, पैज लावतो. दोघं-तिघं तरीही म्हणतील की शेजारी बसून खाल्लेलं बघवत नाही. त्यांना टेबलाचं लांबचं टोक दे, पण टेबल तेच. त्यांच्यासाठी दुसऱ्याला उठवू नको. आणि साहेब दुसऱ्या मायक्रोवेव्हला बजेट नाही म्हणाले, तर गेल्या दिवाळीत वाटलेल्या ड्रायफ्रूटच्या डब्यांचं बिल अकाउंट्सकडून मागून घे आणि त्यांच्यासमोर ठेव.

तुझा,
काका