अंगावरच्या गाठींना डॉक्टर काय म्हणतात? त्या काजूच्या तेलाने जाळाव्यात का?

तुमच्या काकांच्या मानेवर लिंबाएवढी गाठ आहे, दुखत नाही, आणि वाडीतले लोक काजूच्या सालीचं तेल लावून ती जाळायला सांगतायत, असं तुम्ही लिहिलंय. आधी ते तेल बाजूला ठेवा.

पेशी गरज नसताना वाढतच राहिल्या तर त्या वाढीला निओप्लाझम म्हणतात. बोलण्यात ट्यूमर, पुस्तकात अर्बुद. ट्यूमर म्हणजे कॅन्सरच, असं नाही. साधा असेल तो जागच्या जागी वाढतो. कॅन्सरचा आजूबाजूला घुसतो, दूरवर पसरतो. आणि प्रत्येक उंचवटा ट्यूमरही नसतो. चामखीळ विषाणूमुळे येते, केलॉइड म्हणजे जखमेचा वाजवीपेक्षा वाढलेला वण.

मी चिपळूणला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आपल्याकडे आवाळू म्हणतात ते बहुतेक वेळा लायपोमा, म्हणजे चरबीची गाठ निघते. मऊ असते, बोटाखाली सरकते. बारीक सुईने नमुना काढून काचेवर पसरला की तेलकट थेंब चमकतात. सिस्ट, म्हणजे आत लगदा भरलेली पिशवीसारखी गाठ असेल तर पांढरा लगदा येतो, आणि त्याचा वास विचारू नका! ही तपासणी म्हणजे एफएनएसी. सुई लावली की कॅन्सर पसरतो या भीतीने पुष्कळ जण टाळतात. त्या भीतीपायी थांबू नका.

पण मान म्हटलं की मी जरा सावध होतो. तिथे लसिकाग्रंथी, म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या छोट्या गाठी असतात. क्षयाने त्या सुजतात, खोकला नसतानाही. तसं निघालं तर साधारण सहा महिन्यांच्या गोळ्या, सरकारी दवाखान्यात फुकट. तोंडातला किंवा घशातला कॅन्सरही कधी कधी आधी मानेतल्या गाठीनेच कळतो. काका तंबाखू खात असतील, मिश्री लावत असतील तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा, तोंडही तपासून घ्या. गाठ कडक असेल, हलत नसेल, भराभर वाढत असेल तर भाताची कापणी संपायची वाट बघू नका.

काजूच्या त्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात. वरची कातडी जळते, आतली गाठ तशीच राहते, आणि चिघळलेल्या जखमेखाली ती तपासणंही अवघड होतं. बिब्ब्याचंही तेच.

उपजिल्हा रुग्णालयात सर्जरीच्या ओपीडीला न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सुई लावण्याआधी तेवढं सांगा.