फुटका पेला घेऊन जा

"इथं आपल्यातलं कुणी नाही हो." सोलापुरात बदलीवर आलेल्यांच्या तोंडून हे वाक्य समुपदेशक म्हणून मी वर्षात किती वेळा ऐकते! रेल्वेतले, बँकेतले, त्यांच्या घरच्या बायका. 'आपल्यातलं' म्हणजे कुणाला भजनी मंडळ हवं असतं, कुणाला पहाटे पळायला सोबत. माझ्याकडे आलेल्या या बाईंना कुंभार हवे होते.

पुण्यात दहा वर्षं त्या मातीकाम करायच्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) नवऱ्याची बदली झाली आणि विजेवरचं चाक इथल्या गॅलरीत चादरीखाली गेलं. झोप उडाली, घरात बोलणं तुटक झालं.

"कुंभार वेशीत गेलात का?"

"गेले ना, दिवाळीच्या आधी. मोबाईलवर माझ्या कामाचे फोटो दाखवले. तिथले कुंभार आजोबा 'छान' म्हणाले आणि पणत्या मोजायला लागले."

मी त्यांना कुंभारकन्येची गोष्ट ऐकवली. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी जिचं लग्न लागलं ती पोर कुंभाराची. दर जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत अख्खं गाव त्याच लग्नाच्या अक्षता टाकतं. मातीची कदर नसलेलं हे गाव नव्हे, असं मला सुचवायचं होतं. बाई नम्रपणे ऐकत बसल्या. वाया गेलं ते सत्र. दुखऱ्या माणसाला माहिती देऊन काही होत नाही, हे वीस वर्षांनंतरही मी अधूनमधून विसरते.

पुढच्या वेळी त्या चिडून म्हणाल्या, "मीही कुंभारच आहे. त्यांनी मला आपलं मानायलाच हवं!"

ते वाक्य मी कागदावर लिहिलं आणि 'मानायलाच' मधल्या 'च'भोवती गोल काढला.

"हा कुणी घातला?"

बराच वेळ त्या कागदाकडे पाहत होत्या. "मीच."

"काढून वाचा."

"मानायला हवं." मग जरा थांबून, "मानलं तर बरं वाटेल." आणि हसल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेनं जाणारी. माणूस घटनेपेक्षा स्वतःच्या हट्टानं जास्त पोळतो, असं ती वाट सांगते. इंग्रजीत तो हट्ट 'मस्ट'मध्ये असतो, मराठीत तो एका अक्षरात मावतो. हा गोल मी आजवर कितीतरी कागदांवर काढला असेल.

पण त्या दिवशी मलाही एक गोष्ट नव्यानं उमगली. बाई तिथं काय घेऊन गेल्या होत्या? चकचकीत फोटो. झालेलं, उत्तम काम. त्यावर 'छान' यापलीकडे कुणी काय बोलणार? मी विचारलं, "सध्या काही बिघडलंय का तुमचं?" म्हणाल्या, इथल्या काळ्या मातीचे सहा पेले केले होते, चार तडकले. म्हटलं, त्यातलाच एक न्या.

काळी माती पाण्यानं फुगते, वाळताना आक्रसते. नुसतीच वापरली तर तडा ठरलेला. आजोबांनी पेला उलटा धरला, तड्यावरून नख फिरवलं. "पंख्याखाली ठेवलाव काय वो ताई? राख किती घातलाव? लीद?" मग गोणपाट उचलून खाली सावलीत वाळणारी मडकी दाखवली. बाई तासभर तिथं उकिडव्या बसून होत्या.

तुमची गाठ कुंभारांशी नसेल, पण कुणाच्याही कामाच्या जागी जाताना दिवस बघून जा. दिवाळी, संक्रांत, नवरात्र तोंडावर असताना कुंभाराला मान वर करायला सवड नसते. काहीतरी विकत घ्या, घासाघीस न करता. दहा घरं पालथी घालण्यापेक्षा एकाच घरी पुन्हा पुन्हा जा. तिथल्या कामाला 'कला' म्हणण्याची घाई नको. त्यांच्यासाठी तो धंदा आहे, त्यावर चूल पेटते. आणि स्वतःचं चांगलं काम चौथ्या-पाचव्या भेटीपर्यंत झाकून ठेवा. हे शेवटचं लोकांना सर्वांत जड जातं.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात बाई माझ्याकडे पाच सुगडं घेऊन आल्या. त्यातलं एक जरा कलतं.

"हे तुमचं?"

"नाही, आजोबांच्या नातवाचं. मला माती मळू देतात, थापी धरू देतात. पण बायकांनी चाकाला हात लावायचा नाही म्हणतात. दहा वर्षं चाक चालवलंय मी! बसू द्यायलाच हवं की नाही?"

'च' मला ऐकू आला. पण या वेळी मी कागद काढला नाही, चहा सांगितला.