उंबऱ्याबाहेर उभी राहा

प्रिय पोरी,

दोनदा धान्य पोचवलंस, तिसऱ्यांदा त्या बाईंनी दारच उघडलं नाही. 'माझं चुकलं काय?' असं तू विचारतेस. तू आत गेलीस, हे चुकलं. डबे उघडून पाहिलेस, यादी भरलीस, फोटो काढलास.

तोरा या ज्यू धर्मग्रंथाच्या पाचव्या पुस्तकात, चोविसाव्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय: उसनं दिलं असेल तर तारण घ्यायला त्याच्या घरात शिरू नकोस, बाहेर उभा राहा, तो स्वतः आणून देईल. नीट वाच. ज्याचे पैसे अडकलेत त्यालाही उंबरा ओलांडायची मुभा नाही, आणि तू पाच किलो तांदळाच्या जोरावर स्वयंपाकघरापर्यंत पोचलीस! मिश्ना, म्हणजे ज्यू कायद्याचा जुना संग्रह, आणखी पुढे जाते. गरिबाची उशी तारण असेल तर ती रात्री परत करायची, नांगर असेल तर दिवसा. विधवेकडून तारण घ्यायचंच नाही, मग ती श्रीमंत का असेना.

गरजूला देण्याच्या ज्यू कर्तव्याला, 'त्सेदाका'ला, तुम्ही मुलं सरळ दान म्हणून मोकळी होता. त्या शब्दाचं मूळ 'त्सेदेक', म्हणजे न्याय. न्याय करायला गेलेल्याने आभाराची वाट बघायची नसते.

तालमूद, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ. त्यातला पंडित मार उक्वा शेजारच्या गरिबाच्या दाराच्या खोबणीत रोज चार झूझ, म्हणजे चांदीची नाणी, टाकायचा. एके दिवशी कोण टाकतं ते बघायला तो गरीब बाहेर आला, तेव्हा मार उक्वा आणि त्याची बायको पळत सुटले आणि निखारे नुकतेच झाडलेल्या भट्टीत लपले. त्याचे पाय भाजले, तिचे नाही. का? ती घरी असायची, दारी आलेल्याला तयार अन्न द्यायची. त्याच्या पैशातून अन्न व्हायला वेळ लागायचा, तिचं लगेच पोटात जायचं. हे ध्यानात ठेव: उपाशी माणसाला आधी वाढायचं. अन्न मागणाऱ्याची चौकशी करायची नाही, असं मायमोनिडीस या मध्ययुगीन ज्यू धर्मपंडिताने नियमच घालून लिहिलंय. कपडे मागणाऱ्या अनोळखी माणसाची केली तर चालते.

मायमोनिडीसनेच दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सगळ्यात वरची म्हणजे उसनं देणं, भागीदारीत घेणं किंवा काम मिळवून देणं, म्हणजे पुन्हा हात पसरावा लागू नये. त्याखालची, देणारा आणि घेणारा दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसणं. तोंड पाडून दिलेलं सगळ्यात खालचं. फोटो काढून दिलेलं कुठे बसवायचं ते तूच ठरव.

आमच्या यादीत 'घरात माणसं किती' एवढाच रकाना असतो, आणि त्यावरून मला हट्टी म्हणतात. म्हणू देत. देणगीदार हिशेब मागतात, तर तांदळाचा हिशेब द्यावा, बाईंच्या डब्यांचा नाही. हे मला फार उशिरा कळलं. त्याआधी किती उंबरे ओलांडले, त्याची खंत अजून जात नाही.

आता असं कर. त्यांच्या नेहमीच्या वाण्याकडे महिन्याचे पैसे आगाऊ भर. कोणी भरले ते त्यांना सांगायचं नाही, हे त्याला बजाव. काय घ्यायचं ते त्या ठरवतील, गिऱ्हाईक म्हणून, रांगेत उभ्या राहून. तेल जास्त घेतलं तर विचारू नकोस. शिवणाचं काम त्यांना येतं असं तूच लिहिलंयस, तेव्हा उसवलेले कपडे घेऊन जा, मजुरी बाजारभावाने दे, आणि कपडे दारातच त्यांच्या हाती दे.

आणि ते फोटो आज रात्रीच पुसून टाक, मोबाइलमधून आणि ग्रुपवरूनही.