उजव्या हातातल्या बांगड्या

प्रिय भगिनी,

तासगावहून आलेले तुमचे पत्र वाचले. उजव्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन संपून आठ महिने झाले, घरात सत्यनारायणही झाला, सगळ्यांनी तुम्हाला बरे झालेले धरले आणि तुमचे मन मात्र कशातच लागत नाही, असे तुम्ही लिहिता. मन पूर्वीसारखे कसे करावे, हा तुमचा प्रश्न आहे. परंतु सासूबाईंच्या नाराजीबद्दल सांगताना ओघात तुम्ही लिहून गेला आहात की संक्रांतीपासून उजव्या हातात बांगड्या चढत नाहीत, म्हणून त्या डाव्याच हातात घालता. मला आज फक्त त्याबद्दलच बोलायचे आहे.

ज्या बाजूची शस्त्रक्रिया झाली तोच हात सुजतो आहे आणि तुम्हाला काळजी आहे ती सासूबाईंना काय वाटेल याची! काखेतल्या लसिका गाठी काढल्यावर किंवा तिथे रेडिएशन दिल्यावर हातातील लसिका, म्हणजे पेशींभोवतीचा पाण्यासारखा द्रव, वर वाहून जाण्याची वाट अडू शकते आणि तो हातातच साचू लागतो. ही सूज उपचारानंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही येते. सुरुवातीला योग्य मापाची दाबाची बाही, पट्ट्या आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम यांनी ती बरीच आटोक्यात राहते. दुर्लक्ष केले तर त्वचा व तिच्याखालचा भाग घट्ट होत जातो आणि मग सूज उतरवणे फार कठीण होते. शिवाय सूज याच कारणाची आहे की आणखी कशाची, हे तपासल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही. म्हणून जाऊबाईंनी सुचवलेली मालीशवाली बोलावू नका. जोराने चोळण्याने अपाय होऊ शकतो. हात लाल झाला, गरम लागला किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे, कारण अशा हाताला झालेला जंतुसंसर्ग झपाट्याने पसरतो.

स्तनातली गाठ हाताला लागली तेव्हाही मुलीचे लग्न उरकेपर्यंत तुम्ही कोणाला सांगितले नव्हते, हे तुम्हीच लिहिले आहे. आता कोणते लग्न आहे? माझा राग तुमच्यावर नाही, पण स्वतःचे दुखणे सगळ्यांच्या शेवटी ठेवण्याच्या या सवयीवर मात्र नक्की आहे.

‘यजमान कशालाच नाही म्हणत नाहीत’ असे तुम्ही कौतुकाने लिहिता. मला त्यात कौतुक करण्यासारखे काही दिसले नाही. पाण्याने भरलेल्या बादल्या तुम्ही उचलता आणि सुजलेले मनगट रोज ताटापाशी त्यांच्या समोर असते. त्यांनी विचारायला हवे होते. विचारले नाही, तर आता तुम्ही सांगा.

मिरजेच्या ज्या रुग्णालयात उपचार झाले तिथे तीन महिन्यांच्या तपासणीची वाट न पाहता या आठवड्यात जा, यजमानांना सोबत न्या, दोन्ही हात शल्यचिकित्सकांना दाखवा आणि फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी घेतल्याशिवाय परतू नका. त्याच भेटीत, मन लागत नाही आणि रात्री रडू येते, हेही यजमानांच्या देखत डॉक्टरांना सांगा. उपचारांनंतर अनेक स्त्रियांना असे होते आणि त्यावरही मदत मिळते. बांगड्यांविषयी सासूबाईंशी यजमानांनी बोलावे, ते काम तुमचे नाही. जाऊन आल्यावर डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा. मी तुमच्या पत्राची वाट पाहते आहे.