१,३८० कोटी वर्षं हे वय नेमकं कशाचं?

फोंड्याहून प्रश्न आला आहे: देवळातल्या कीर्तनात बुवांनी विश्व अनादि आहे असं सांगितलं, अकरावीतली मुलगी म्हणते ते १,३८० कोटी वर्षांपूर्वी सुरू झालं. दोघांत बरोबर कोण?

मुलीचा आकडा बरोबर आहे, फक्त तो कशाचा आहे ते नीट बघायला हवं. १,३८० कोटी वर्षांमागे, आपल्याला दिसतं तेवढं सगळं विश्व भयंकर तापलेलं आणि दाट होतं. तेव्हापासून ते पसरत, निवत आलं आहे; यालाच महास्फोट म्हणतात. एवढं पक्कं. त्या अवस्थेच्या आधी काहीच नव्हतं का, हे मात्र अजून उघडं आहे. गोव्यातल्या माणसाला हा फरक एक-चौदाच्या उताऱ्यावरून, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या कागदावरून, लगेच कळेल. उताऱ्यावरची नोंद सर्व्हेपासूनची, म्हणून भाट (बागायतीची जमीन) त्याच दिवशी जन्माला आलं असं कोणी म्हणत नाही. त्याआधी तिथे काय होतं ते ठरवायला दुसरे कागद लागतात, आणि ते मिळाले नाहीत तर दोन्ही बाजूंनी गप्प बसावं लागतं.

पक्क्या भागाचं गणित घरी करता येतं. दीर्घिका जितकी दूर तितकी ती वेगाने लांब जाते. दर मेगापार्सेकला (सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं) सेकंदाला ७० किलोमीटर वेग धरला तर ९७,८०० ला ७० ने भागा. उत्तर कोटी वर्षांत येतं: १,३९७. ९७,८०० हा आकडा म्हणजे निव्वळ किलोमीटर, सेकंद आणि वर्षं यांची अदलाबदल आहे, त्यात जादू काही नाही. प्लँक उपग्रहाच्या मोजणीतला ६७.४ घातला तर १,४५१ येतात, आणि इथे मुलं अडतात, कारण पुस्तकात १,३८० असतं. पसरण्याचा वेग कायम एकसारखा नव्हता. आधी द्रव्याच्या गुरुत्वाने तो मंदावत गेला, मागच्या पाच-सहाशे कोटी वर्षांत पुन्हा वाढू लागला. दोन्हींचा हिशेब केला की त्या १,४५१ ला ०.९५ ने गुणावं लागतं, आणि १,३८० च्या आसपास येतात. जवळच्या ताऱ्यांवरून अंतरं मोजणाऱ्यांना ६७.४ च्या जागी ७३ मिळतात. हे भांडण अजून मिटलेलं नाही, पण त्याने वय थोडं पुढेमागे होतं, चित्र बदलत नाही.

हेच सूत्र हबलच्या १९२९ च्या आकड्याला लावून बघा. त्याला ५०० मिळाले होते, म्हणजे वय १९६ कोटी वर्षं! मोले-अनमोड पट्ट्यातला नाइस खडक रुबिडियमच्या पद्धतीने तीनशे कोटी वर्षांहून जुना ठरला आहे. घाटातला दगड विश्वाहून म्हातारा कसा असेल? चूक अंतरांत होती. ज्यांच्यावरून अंतरं मोजतात ते सेफिड तारे दोन जातींचे असतात आणि हबलच्या काळी त्यांची गल्लत झाली होती. १९५२ मध्ये वॉल्टर बाडे यांनी ती सोडवली आणि अंतरं एका फटक्यात दुप्पट झाली. पुढे आणखी दुरुस्त्या होत गेल्या.

मधल्या काळात या विसंगतीनेच 'अनादि' बाजूला बळ दिलं. १९४८ मध्ये हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला: विश्व पसरतं, पण घनमीटरमागे साधारण शंभर कोटी वर्षांत हायड्रोजनचा एक अणू नव्याने तयार होत राहतो, म्हणून ते सदैव सारखंच दिसतं. कोल्हापूरचे जयंत नारळीकर हे हॉइल यांचे विद्यार्थी. त्यांनी १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह याची सुधारित आवृत्ती मांडली. तीत अनादि विश्व आलटून पालटून फुगतं आणि आक्रसतं. त्यांचा एक मुद्दा खरोखर जोरदार होता. विश्वातलं सगळं हेलियम ताऱ्यांनी बनवलं असं धरा, त्यातून सुटलेली ऊर्जा मोजा, ती सगळीकडे समान पसरवा: तापमान जवळजवळ २.७ केल्विन येतं, म्हणजे आकाशात सर्वत्र सापडणाऱ्या सूक्ष्मलहरींचंच.

मग अडलं कुठे? ड्युटेरियमवर. तारे हा जड हायड्रोजन बनवून साठवत नाहीत, जाळतात. तरी दर लाख हायड्रोजन अणूंमागे त्याचे सुमारे अडीच अणू सापडतात. तापलेल्या सुरुवातीत ते आपसूक उरतात. हेलियमचंही तसंच. पहिल्या तीनेक मिनिटांनी तापमान शंभर कोटी केल्विनच्या आसपास आलं, तेव्हा एका न्यूट्रॉनमागे सात प्रोटॉन उरले होते. १६ कण घ्या: २ न्यूट्रॉन, १४ प्रोटॉन. दोन्ही न्यूट्रॉन दोन प्रोटॉन घेऊन एका हेलियम अणुकेंद्रात जातात. १६ पैकी ४, म्हणजे वजनाने २५ टक्के. दुर्बिणीतून मोजलं तरी जवळपास तेवढंच मिळतं. तीन मिनिटं थांबावं का लागलं? प्रत्येक कणामागे शंभर कोटींहून जास्त फोटॉन होते आणि ते ड्युटेरियम जुळलं की फोडत होते. झाकलेलं राहू नये म्हणून सांगतो: लिथियमचा हिशेब जुळत नाही, भाकीत निरीक्षणाच्या तिपटीच्या आसपास जातं.

दुसरा पुरावा जुन्या अँटेनाच्या टीव्हीवरच्या मुंग्या. त्यातला एखादा टक्का ही तीच सूक्ष्मलहर. पेन्झियास आणि विल्सन यांना ती १९६४-६५ मध्ये सापडली. कोबी उपग्रहाने तिचा वर्णपट मोजला, तो २.७२५ केल्विनच्या आदर्श कृष्णवस्तूपासून (जिचा उजेड फक्त तापमानावर ठरतो) दहा लाखांत ५० भागसुद्धा ढळत नाही. ताऱ्यांचा उजेड धुळीत मुरवून इतका निर्दोष वर्णपट बनवणं फार अवघड आहे. शिवाय पूर्वी विश्व जास्त गरम असेल तर जुन्या प्रकाशात ते दिसायला हवं, आणि दिसतं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या रघुनाथन श्रीआनंद आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये २.४१८ ताम्रसृतीच्या (पसरण्याने प्रकाश तांबड्याकडे किती सरकला त्याचं माप) वायूतल्या कार्बन मोनॉक्साइडवरून त्या काळचं तापमान काढलं: ९.१५ केल्विन, अधिक-उणे ०.७२. नियम सांगतो, २.७२५ ला ३.४१८ ने (ताम्रसृती अधिक एक) गुणा. येतात ९.३१. नारळीकरांनी उभारलेल्या संस्थेतूनच महास्फोटाच्या बाजूचा इतका नेटका पुरावा यावा, यात त्या संस्थेचं मोठेपण आहे असं मला वाटतं.

याच कसोटीवर व्हॉट्सॲपचे फॉरवर्डही घासून बघावेत. 'वय २,६७० कोटी निघालं' हा २०२३ चा दावा 'थकलेल्या प्रकाशा'वर उभा आहे: प्रकाश वाटेत ऊर्जा गमावतो म्हणून तांबडा होतो, ही कल्पना. पण नुसता थकलेला प्रकाश घड्याळ संथ करत नाही. ताम्रसृती १ असलेल्या अतिनवताऱ्याला (स्फोट होऊन फुटणाऱ्या ताऱ्याला) उजळून मावळायला दुप्पट वेळ लागतो, तो केवळ पसरण्यानेच लागतो. दावेदाराने थकलेला प्रकाश आणि पसरणं दोन्ही एकत्र बांधले आहेत, बहुतेकांना ते पटलेलं नाही. 'विश्वाहून म्हातारा तारा' हेही असंच. एचडी १४०२८३ या ताऱ्याचं वय २०१३ मध्ये १,४५० कोटी आलं होतं, अधिक-उणे ८० कोटी. बातमीतून अधिक-उणे गळालं.

आणि उलट बाजूचं एक: कल्पाची ४३२ कोटी वर्षं पृथ्वीच्या ४५४ कोटींच्या जवळ आहेत म्हणून ऋषींनी मोजलं होतं असं म्हणू नका. आकडा जवळ पडणं आणि मोजणं वेगळं. बुवांच्या 'अनादि'ला त्या टेकूची गरजही नाही. मीमांसक आणि जैन यांनी ते तर्काने मांडलं आहे.

आता उघडा भाग. अमल कुमार रायचौधुरी यांच्या १९५५ च्या समीकरणावर पेन्रोज आणि हॉकिंग यांनी १९७० मध्ये सिद्ध केलं की मागे जाताना काळाची रेघ कुठेतरी तुटते. अट अशी की गुरुत्व सर्वत्र ओढणारंच असावं आणि आइन्स्टाइनचं समीकरण शेवटपर्यंत टिकावं. दुसरी अट नक्कीच सुटते, कारण त्या दाटीत पुंजभौतिकी (अतिसूक्ष्म कणांचे नियम) आली. पहिलीही सुटू शकते. बोर्ड, गुथ आणि विलेंकिन यांच्या २००३ च्या प्रमेयाला पहिली अट लागत नाही, पण तेही एवढंच म्हणतं की सरासरीने पसरत आलेला काळ मागे अनंत असू शकत नाही. त्या टोकाला काय आहे यावर ते बोलत नाही. तिथे अभय अष्टेकर आणि सहकाऱ्यांचं गणित म्हणतं की घनता प्लँक घनतेच्या (जिथे पुंजभौतिकीशिवाय गुरुत्वाचा हिशेब चालत नाही अशा प्रचंड घनतेच्या) ०.४१ पट झाली की गुरुत्व उलटं ढकलतं. म्हणजे आधीचं विश्व आक्रसत येऊन आपटून परत फुगलं. हार्टल आणि हॉकिंग म्हणतात तिथे काळ जागेसारखा होतो, 'आधी' या शब्दालाच अर्थ राहत नाही. उसळी खरी ठरली तरी अनादि सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेवा. टोलमन यांनी १९३० च्या दशकातच दाखवलं होतं की प्रत्येक फेरीत एंट्रॉपी (अव्यवस्थेचं माप) वाढते, पुढची फेरी लांबते. मागे गेलं की फेऱ्या आखूड होत जातात, आणि पुन्हा सुरुवातीचाच प्रश्न उभा.

मुलीने पेपरात '१,३८० कोटी वर्षं' लिहावं, गुण त्यालाच आहेत. घरी वाद पुढे चालवायचा असेल तर सूक्ष्मलहरींच्या ध्रुवीकरणातल्या बी-मोडकडे, म्हणजे पिळासारख्या नक्षीकडे, लक्ष ठेवा. विश्व सुरुवातीला झपाट्याने फुगलं असेल तर गुरुत्वलहरींचा पीळ तिथे उमटू शकतो. हळूहळू आक्रसून उसळणाऱ्या काही प्रतिमानांत तो जवळजवळ नसतो. २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ ने तो सापडल्याचं जाहीर केलं, पुढच्या वर्षी त्यातला बराच भाग आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा निघाला. धूळ वजा करून २०२१ मध्ये आलेली, गुरुत्वलहरींचा वाटा घनतेच्या चढउतारांच्या तुलनेत किती याची वरची मर्यादा ०.०३६ आहे. त्याखाली काय आहे ते शोधायचं काम चालू आहे.