क्लच बदलून नऊ दिवस झाले आणि ट्रॅक्टर ओढेना : वर्कशॉपशी कसं लढायचं?

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. चार वर्षांपूर्वी घेतलेला २४ एचपीचा मिनी ट्रॅक्टर वडिलांच्या नावावर आहे, चालवतो मी. गोडी छाटणीच्या (फळांसाठीच्या छाटणीच्या) तोंडावर अधिकृत वर्कशॉपमध्ये क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग बदलून घेतलं. ३१,४०० रुपये फोनवरून भरले. पक्कं बिल मिळालं नाही, हातानं लिहिलेलं एस्टिमेट आहे. नवव्या दिवशी फवारणीचा ब्लोअर लावून बागेत गेलो तर इंजिन नुसतंच रेस होतं, ट्रॅक्टर पुढं सरकत नाही. परत नेऊन दिला. आता वर्कशॉपवाले म्हणतात, तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवलात, प्लेट जळाली, अजून १८,००० लागतील. नको म्हटलं तर दिवसाला २०० रुपये पार्किंग मागतात आणि ‘काही तक्रार नाही’ असं लिहून दिल्याशिवाय ट्रॅक्टर सोडत नाहीत. फवारण्या भाड्याच्या ट्रॅक्टरवर चालल्या आहेत. बागेचं चार लाखांचं नुकसान मागता येईल का? अधूनमधून पैसे घेऊन शेजाऱ्यांच्या बागेतही फवारतो, त्यामुळे केस अडेल का?

उत्तर : कलमांकडे नंतर वळू. आधी हे करा : तुमच्या गैरहजेरीत ट्रॅक्टर पुन्हा उघडू देऊ नका. १८,००० मोजून दुसरी प्लेट बसली की जळालेली प्लेट भंगारात जाईल आणि तुमच्या हातात फक्त तक्रार उरेल. अशा वादाचा निकाल बहुतेक वेळा क्लच हाउसिंगच्या (क्लच बसतो त्या कवचाच्या) आत काय दिसतं यावर ठरतो.

नवा क्लच इतक्या लवकर घसरायला लागतो त्याची कारणं मोजकी आहेत, आणि बहुतेक कारणं आपली खूण सोडून जातात. प्लेट तेलकट निघाली, तर क्रँकच्या मागच्या सीलमधून किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलमधून तेल उतरलंय. ट्रॅक्टर मधून वेगळा केलेला असताना ही सील तपासणं हे त्याच कामाचा भाग आहे, त्यामुळे इथे वर्कशॉपला सुटायला फारशी जागा राहत नाही. फ्लायव्हीलवर (प्लेट टेकते त्या इंजिनाच्या जड चाकावर) जुने निळे डाग आणि खाचा तशाच दिसल्या, तर तो घासून सपाट न करताच नवी प्लेट चढवली. फिंगरची (प्रेशर प्लेटवरच्या, बेअरिंग दाबतं त्या बोटांची) उंची कमी-जास्त असेल तर सेटिंग नीट झालेलं नाही. प्लेटवर कंपनीचा भाग क्रमांकच नसेल, तर माल कुठून आला हा वेगळा प्रश्न उभा राहतो.

खरी अडचण येते ती प्लेट कोरडी आणि सगळीकडे सारखी जळालेली निघाली तर. पेडलवर पाय ठेवून चालवलं तरी प्लेट अशीच जळते, आणि वर्कशॉपनं पेडलला फ्री प्ले (सैलपणा) न ठेवता ट्रॅक्टर ताब्यात दिला तरीही अशीच. दोन्हींत रिलीज बेअरिंग फिंगरवर टेकलेलं राहतं, प्रेशर प्लेटचा पूर्ण दाब बसत नाही, प्लेट घसरते आणि तापते. म्हणून फ्री प्लेचं माप महत्त्वाचं. पेडल हातानं दाबा. पहिला कडकपणा लागेपर्यंत ते जितकं सैल खाली जातं तो फ्री प्ले. बऱ्याच ट्रॅक्टरना तो साधारण २० ते ३० मिलिमीटर असतो, तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मालकाच्या पुस्तिकेत सापडेल. पेडलला लोखंडी पट्टी लावून व्हिडिओ घ्या. क्लचच्या रॉडवरचा लॉकनट जवळून टिपा : नटाशेजारी ताजे, चमकणारे आटे दिसत असतील तर तो अलीकडे फिरवलाय. त्या नटाला पाना लागला की हा पुरावा गेला. त्यामुळे हे काम आजच करा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. प्लेट झिजते तसा फ्री प्लेही कमी होत जातो. आज तो शून्य भरला म्हणून वर्कशॉपनंच शून्यावर दिला होता, असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही. म्हणून जॉबकार्ड (वर्कशॉपनं केलेल्या कामाची नोंद) मागा. ट्रॅक्टर देताना फ्री प्ले मोजून लिहिला होता का? नवी प्लेट पहिल्या काही तासांत ‘बसते’, तेव्हा पुन्हा दाखवायला या, असं कुठे लिहून दिलं होतं का? नसेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) मधली ‘सेवेतील त्रुटी’ तुमच्या उपयोगाची आहे. निष्काळजीपणानं नुकसान होणं तीत येतं, आणि आवश्यक माहिती जाणूनबुजून न देणंही.

तुमच्या बाजूचंही स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. ब्लोअर भरलेला असताना चढावर अर्ध्या क्लचवर ट्रॅक्टर धरून ठेवला होता का? २४ एचपीला झेपणार नाही असं अवजार लावलं होतं का? तसं झालं असेल तर वकिलाला आधीच सांगा. समोरचा पक्ष ते काढणारच, आणि उलटतपासणीत ते पहिल्यांदा बाहेर येणं सगळ्यात महागात पडतं.

वर्कशॉपमध्ये जाल तेव्हा तास-मीटर, चासी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि हाउसिंगच्या तळाच्या भोकाजवळचा ओलसरपणा यांचे फोटो घ्या. चालवू दिलं तर सपाट, मोकळ्या जागेत एक चाचणी करा : हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक दोन्ही धरा, वरचा गिअर टाका, क्लच हळूहळू सोडा. क्लच धड असेल तर इंजिन बंद पडतं. इंजिन चालूच राहिलं तर क्लच घसरतोय. हे एकदाच करा. पुन्हा पुन्हा केलं तर उरलीसुरली प्लेट तुम्हीच जाळाल आणि त्यांना बोलायला जागा मिळेल. डबल क्लचचा (चालीला आणि पीटीओला वेगळी प्लेट असलेला) ट्रॅक्टर असेल तर पीटीओला, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या शाफ्टला, जोर आहे का तेही टिपा. पीटीओ ठणठणीत आणि चाकांना ओढ नाही, म्हणजे दोष चालीच्या प्लेटकडे आहे. फक्त पुढच्या चाकांची ओढ जात असेल, मागची दोन चाकं नीट ओढत असतील, तर तो क्लचचा वाद नाही. पुढचा ड्राइव्ह शाफ्ट बघायला लावा.

व्हिडिओ मूळ फोनमध्येच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेली प्रत दाबली जाते, तिच्यातला मूळ तपशीलही जातो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांना न्यायालयाइतका घट्ट बांधलेला नसला, तरी प्रमाणपत्र जोडलेलं बरं.

मग याच आठवड्यात वडिलांच्या सहीनं पत्र द्या : पोचपावतीसह स्पीड पोस्टनं, शिवाय ई-मेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही. मजकूर साधा ठेवा :

“आपण दिनांक … रोजी आमच्या ट्रॅक्टरचा (चासी क्र. …) क्लच बदलून ३१,४०० रुपये घेतले. नऊ दिवसांत, … तासांच्या कामानंतर ट्रॅक्टरची ओढ गेली. दुसऱ्या दुरुस्तीस आमची संमती नाही. दिनांक … रोजी सकाळी ११ वाजता आमच्या व आमच्या अभियंत्याच्या समक्ष हाउसिंग उघडावे. तोवर पेडल, रॉड व हाउसिंग यांना हात लावू नये. जॉबकार्ड, भाग क्रमांकांसह पक्के बिल व काढलेले जुने भाग द्यावेत. सध्या प्रत्येक फवारणीसाठी आम्हाला भाड्याचा ट्रॅक्टर घ्यावा लागत आहे. तो खर्च आपल्याकडून वसूल केला जाईल.”

तपासणीसाठी सात दिवस पुढची तारीख द्या. अभियंता म्हणून ओळखीचा मेस्त्री नेऊ नका. शासकीय तंत्रनिकेतनातला मेकॅनिकलचा अध्यापक किंवा कृषी अभियांत्रिकीचा पदवीधर शोधा, जो व्हर्नियरनं प्लेटची जाडी मोजेल, चासी क्रमांक घालून अहवाल लिहील आणि पुढे प्रतिज्ञापत्र करेल. उघडलेले भाग पोत्यात भरून शिवा आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. वर्कशॉपवाले नाहीच म्हणाले तर ट्रॅक्टर ताब्यात घ्या, दुसरीकडे त्याच अभियंत्यासमोर आणि दोन साक्षीदारांसमोर उघडा, सुरुवातीपासून चित्रीकरण करा आणि दुरुस्त करून कामाला लावा. हंगाम सोडून ट्रॅक्टर ‘पुरावा’ म्हणून उभा ठेवावा, अशी कायद्याची अपेक्षा नाही.

आता अडवून ठेवण्याचं. कारागिराला आपल्या कामाच्या मोबदल्यासाठी वस्तू धरून ठेवता येते, हे भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० मध्ये आहे. पण हा हक्क केलेल्या श्रमाच्या आणि कौशल्याच्या मोबदल्यापुरताच. पहिल्या कामाचे पैसे तुम्ही दिलेत, दुसरं काम झालेलंच नाही. मग धरायचं कशासाठी? पार्किंग म्हणजे श्रमही नाही, कौशल्यही नाही. आधी ठरलेलं नसेल तर त्यासाठी ट्रॅक्टर अडवता येत नाही. वेळेवर परत न दिलेल्या वस्तूची त्यानंतर हानी झाली तर ती कलम १६१ नुसार ठेवून घेणाऱ्याच्या डोक्यावर येते, हेही पत्रात घाला. अगदीच नाइलाज झाला तर पैसे ‘हरकत नोंदवून’ भरा आणि सहीशेजारी ‘सर्व हक्क राखून’ असं स्वतःच्या हातानं लिहा. ‘तक्रार नाही’ या कागदावर असं काही न लिहिता नुसती सही मात्र कदापि नको. पोलिसांकडे धाव घेण्यापेक्षा ग्राहक आयोगातल्या तक्रारीसोबत ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८(८) खाली अंतरिम आदेशाचा अर्ज द्या. ट्रॅक्टर सोडण्याचा आदेश आयोगच देऊ शकतो.

शेजाऱ्यांच्या फवारणीची भीती बाळगू नका, पण ती लपवूही नका. ‘व्यावसायिक उद्देश’ असला तर ग्राहक म्हणून दाद मिळत नाही, हे खरं. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेलं यंत्र त्यात मोडत नाही. ‘लक्ष्मी इंजिनिअरिंग’ खटल्यात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा फरक मांडला. स्वतः टॅक्सी चालवणाऱ्याचं उदाहरण त्याच निकालातलं. शेतकरी ग्राहक आहे, हे बियाण्यांच्या प्रकरणात २०१२ मध्ये ठरलं आहे. शिवाय व्यावसायिक उद्देश सिद्ध करण्याचा भार सेवा देणाऱ्यावर आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये सांगितलं. सातबारा जोडा आणि प्रतिज्ञापत्रात साधं लिहा : एकच ट्रॅक्टर, मी स्वतः चालवतो, मुख्य वापर आमच्या बागेत. चार ट्रॅक्टर आणि पगारी ड्रायव्हर असते तर माझं उत्तर वेगळं असतं.

चार लाखांचं मात्र सोडून द्या. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरच्या एका गिरणीचा क्रँकशाफ्ट मोडला, वाहतूकदारानं तो पोचवायला उशीर केला, गिरणी बंद राहिली. १८५४ च्या ‘हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल’ निकालात गिरणीमालकाला बुडालेला नफा मिळाला नाही, कारण त्या शाफ्टविना सगळी गिरणी ठप्प होईल ही परिस्थिती वाहतूकदाराला कळलेली होती असं न्यायालयानं धरलं नाही. हेच तत्त्व आपल्या करार कायद्याच्या कलम ७३ मध्ये आहे : थेट, स्वाभाविक नुकसान मिळतं, किंवा करार करताना दोघांनाही माहीत असलेलं. शिवाय नुकसान कमी करायला काय उपाय हाताशी होते, तेही पाहिलं जातं. तुम्ही भाड्याचा ट्रॅक्टर लावून बाग वाचवत आहात; मग बाग ट्रॅक्टरमुळे गेली असं म्हणता येणार नाही. पण ते भाडं पूर्ण मागता येतं. प्रत्येक फवारणीची तारीख, एकर, दर, ट्रॅक्टर मालकाची सही असलेली पावती आणि शक्य तिथे फोनवरून भरलेली रक्कम, असं सगळं वहीत लिहीत जा. मागणी अशी करा : ३१,४०० रुपये व्याजासह, भाडं, ट्रॅक्टर ओढून नेण्याचा खर्च, अभियंत्याची फी, मानसिक त्रासापोटी माफक रक्कम आणि तक्रारीचा खर्च. फुगवलेला आकडा बाकीच्या खऱ्या आकड्यांनाही संशयास्पद करतो.

पक्कं बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) खाली अनुचित व्यापार प्रथा आहे. ती वेगळा मुद्दा म्हणून मांडा. बिल नाही म्हणून तक्रार थांबत नाही. बँकेचं विवरणपत्र, एस्टिमेट आणि वर्कशॉपचे मेसेज पुरेसे आहेत.

दाखल कुठे करायचं? नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात. तक्रारदार जिथे राहतो तिथे दाद मागता येते, आणि आयोगाची मर्यादा दिलेल्या मोबदल्यावर ठरते : ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही भरता येते. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करून पाहा. वर्कशॉप अधिकृत असेल तर कंपनीवर दबाव येऊन काही प्रकरणं तिथेच मिटतात. तक्रारदार म्हणून वडील आणि तुम्ही दोघंही राहा. सेवेचा लाभ घेणाराही ग्राहकच असतो. विरुद्ध पक्ष म्हणून वर्कशॉपचा मालक पुरे. प्लेटच सदोष किंवा बनावट निघाली तर ट्रॅक्टर कंपनीला जोडा, एरवी नको. उगाच जोडलेला पक्ष तारखा वाढवतो. २०१९ च्या कायद्यातल्या ‘उत्पादन दायित्वा’च्या (सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या भरपाईच्या) प्रकरणावर अनेक जण तक्रार उभी करतात, तीही इथे चूक ठरेल : तिथल्या ‘हानी’च्या व्याख्येत खुद्द वस्तूला झालेली इजा आणि आर्थिक तोटा वगळला आहे. तुमची तक्रार सरळ सेवेतील त्रुटीची.

नोटीस मिळाल्यावर वर्कशॉपला म्हणणं मांडायला ३० दिवस, आणखी फार तर १५. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं मार्च २०२० मध्ये ही ४५ दिवसांची हद्द पक्की केली. भाग तपासणीला पाठवायचे असतील तर निकालासाठी कायद्यात ५ महिने आहेत, प्रत्यक्षात जास्त धरून चला. तक्रार दाखल करायची मुदत २ वर्षांची. ट्रॅक्टरची ओढ गेली त्या दिवसापासून ती मोजा. वर्कशॉपच्या ‘बघतो, करतो’नं ती लांबत नाही.